मिटलेलं टोडस्टूल आणि रोजचं दीड लिटर पाणी

पत्र, थोडं आटोपतं करून:

माझा २०० लिटरचा खाऱ्या पाण्याचा टँक १४ महिन्यांचा आहे. दोन क्लाउनफिश, छत्रीसारखी टोपी असलेलं तळहाताएवढं टोडस्टूल लेदर, झेनिया आणि ग्रीन स्टार पॉलिप ही मऊ कोरलं, आणि झोआ नावाच्या कोरलसारख्या जिवांनी भरलेला एक खडक, एवढाच संसार. मध्ये ५ दिवस बाहेरगावी गेलो. भाच्याचा गोंधळ होऊ नये म्हणून एकच ड्रम भरून ठेवला होता, मीठ कालवलेल्या पाण्याचा. आटेल तेवढं, म्हणजे रोज साधारण दीड लिटर, त्यातलंच घाल असं सांगितलं. परत आलो तर टोडस्टूल मिटलेलं. आज १२ दिवस झाले, एकही पॉलिप (कोरलचं फुलासारखं तोंड) बाहेर नाही आणि वर मेणचट थर चढलाय. गेल्या आठवड्यापासून झेनियाची उघडझाप थांबली, आता झोआही अर्धवटच उघडतात. मासे मात्र मजेत आहेत. मी लाइट ४० टक्क्यांवरून ७० वर नेला, टोडस्टूल तीनदा जागा बदलून ठेवलं, रोज आयोडीनचे थेंब घालतो, काल अर्धं पाणी बदललं. खारटपणा मोजायचा काटा १.०२५ दाखवतो, म्हणजे ठीकच, नायट्रेट शून्य. पाणी भरायला तो ड्रमच सोयीचा वाटला, म्हणून तीच पद्धत पुढे चालू ठेवली. तसंही समुद्राच्या टँकला खारंच पाणी हवं ना? टोडस्टूल मेलं असेल तर काढून टाकू का? आणि झोआ फार माजलेत, तो खडक उकळून साफ करावा म्हणतो.

— हवालदिल

उत्तर:

प्रिय हवालदिल,

टोडस्टूल काढून टाकू नका. पण तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य वाचून मी खुर्चीत ताठ बसले, म्हणून शेपटाकडून सुरुवात करते.

तो खडक उकळायचा नाही. त्याच्यावर गरम पाणी ओतायचं नाही, वाफ द्यायची नाही, बाहेर काढून ब्रशनं घासायचा नाही, मायक्रोवेव्हमध्ये तर नाहीच नाही. झोआ आणि त्यांचे जाडजूड भाऊबंद पॅलिथोआ यांच्यातल्या काहींच्या अंगात पॅलिटॉक्सिन नावाचं विष असतं. आजवर ठाऊक असलेल्या सगळ्यात जहाल विषांमध्ये त्याची गणना होते. हवाई बेटांवरचे लोक माउईच्या हाना भागातल्या एका डबक्यातलं ‘जीवघेणं शेवाळ’ भाल्याच्या टोकाला चोळत, अशी जुनी कथा आहे. ते शेवाळ म्हणजे पॅलिथोआच निघालं आणि १९७१ साली मूर आणि शॉयर या शास्त्रज्ञांनी त्यातून हे विष वेगळं करून दाखवलं. खडक उकळला की वाफेबरोबर ते घरभर पसरतं. असा खडक उकळून किंवा घासून घरातली सगळी माणसं आणि कुत्री-मांजरं एकदम दवाखान्यात पोचल्याच्या घटना घडलेल्या आहेत. तोंडात कडवट, धातूसारखी चव, खोकला, धाप, थंडी वाजून ताप, अंग मोडून येणं, आणि डोळ्यात उडालं तर बुबुळालाच इजा. कुठल्या झोआत विष आहे आणि कुठल्यात नाही, हे रंगरूपावरून ओळखता येत नाही. तेव्हा सगळ्यांत आहे असंच धरून चालायचं.

पसरण्याचा इलाज साधा आहे. तो खडक इतर खडकांपासून चार बोटं दूर, मोकळ्या वाळूवर ठेवा. झोआ एकमेकांना धरून सरकत जातात, वाळूवरून त्यांना सहसा पुढे जाता येत नाही. उचलावाच लागला तर हातमोजे आणि डोळ्यांना बंद गॉगल घालून, टँकच्याच पाण्यानं भरलेल्या बादलीत, पाण्याखालीच न्या. आणि कधी काही झालंच तर लगेच मोकळ्या हवेत जा आणि डॉक्टरांना ‘पॅलिटॉक्सिन’ हा शब्द स्वतः सांगा. एरवी ताप-खोकल्याची गोळी घेऊन घरी परत याल.

आता टोडस्टूल.

लेदर जातीचं कोरल वर्षातून अनेकदा असं मिटतं. पॉलिप आत ओढतं, वरची कातडी ताणल्यासारखी गुळगुळीत होते, मग मेणकापडासारखी चमकते आणि शेवटी तो थर पापुद्रा होऊन निघतो. सापानं कात टाकावी तसंच हे. थरावर शेवाळ, गाळ, काय काय बसलेलं असतं, ते सगळं एका झटक्यात फेकून द्यायची त्याची ही रीत. दोन-तीन दिवसांत आटपतं, कधी दोन आठवडेही लागतात. माझं पहिलं टोडस्टूल असं नऊ दिवस मिटलं तेव्हा मी ‘गेलं’ म्हणून ते बादलीत काढून ठेवलं. सकाळी फेकायला गेले तर पाण्यावर जिलेटिनसारखा पारदर्शक पापुद्रा तरंगत होता, आणि खाली तळाशी, पंप नाही, लाइट नाही अशा त्या बादलीत, टोपीच्या कडेला तांदळाच्या कणीएवढे पॉलिप डोकावत होते. मुकाट्यानं परत टँकमध्ये ठेवलं.

जिवंत आहे की नाही हे पाहायचं तर रात्री लाइट गेल्यावर तासाभरानं टॉर्च घेऊन जवळ बसा. टोपीवर बारीक ठिपके, म्हणजे आत ओढलेल्या पॉलिपांची तोंडं, एकसारखी दिसतात का? देठ ताठ आहे का? रंग फिका असला तरी चालेल. काळजीचं लक्षण वेगळं असतं: एका जागी तपकिरी-काळा डाग, तो रोज मोठा होतोय, कडा झिरझिरीत होऊन तंतू लोंबतायत, आणि पाण्याबाहेर काढलं तर सडका वास येतो, असा की पुन्हा विचारायची गरज पडत नाही. तसं असेल तर मोजे घालून धारदार पात्यानं डागाच्या पलीकडचा थोडा निरोगी भाग धरून कापून टाका आणि उरलेलं कोरल वेगळ्या भांड्यातल्या टँकच्या पाण्यात खळबळून मगच परत ठेवा. लेदर कापण्यानं मरत नाही. आख्खी टोपी कापली तरी देठाला नवी टोपी फुटते. तुमच्या वर्णनात डाग नाही, वास नाही, फक्त मेणचट थर आहे. म्हणजे ते कातच टाकतंय. पंपाचा झोत थेट अंगावर नको, पण थर वाहून जाईल एवढी पाण्याची ये-जा त्याच्या टोपीवरून होऊ द्या. पापुद्रा अर्धवट सुटला की मोठ्या ड्रॉपरनं हलकेच पाणी मारा. नखानं सोलू नका.

इथवर असतं तर मी दोन ओळींत ‘वाट पाहा’ लिहून मोकळी झाले असते. पण झेनिया थांबली आणि झोआ मिटले, तिथे गोष्ट बदलली. एकच कोरल मिटलं तर ते त्याचं घरगुती प्रकरण. पाठोपाठ तिघं मिटले तर पाणी बघायचं.

आणि पाण्याचं उत्तर तुम्ही स्वतःच पत्रात लिहून पाठवलंय. टँकमधून आटतं ते नुसतं पाणी. मीठ सगळं मागेच राहतं. म्हणून भर घालायची ती बिनमिठाच्या, आरओ-डीआयच्या, म्हणजे गाळून क्षार काढलेल्या पाण्यानं. तुम्ही खारं घालताय, म्हणजे रोज थोडं मीठ जादा.

किती जादा, ते मांडून बघू. खडक-वाळू वजा जाता तुमच्या टँकमध्ये १७० लिटर पाणी धरू. समुद्राचं पाणी म्हणजे लिटरमागे ढोबळमानानं ३५ ग्रॅम मीठ, म्हणजे एकूण सहा किलोला थोडं कमी. तुमचे बाहेरगावचे ५ आणि नंतरचे १२, असे १७ दिवस, रोज दीड लिटर: साडेपंचवीस लिटर. त्यातलं मीठ सुमारे ८९० ग्रॅम. म्हणजे खारटपणा ३५ वरून ४० पीपीटीवर (हजारात चाळीस भाग मीठ) पोचला. पहिल्या पाच दिवसांत तो साडेछत्तीसच्या आसपासच असणार, म्हणून टोडस्टूलचं मिटणं मी बहुधा त्याचं स्वतःचं धरते. झेनिया आणि झोआ मात्र पुढच्या चढणीला दमले. मग काल तुम्ही अर्धं पाणी बदललंत आणि तो एका फटक्यात ४० वरून साडेसदतीसच्या घरात आणलात. दिशा बरोबर, पण उडी मोठी.

मासे मजेत आहेत, त्यावर जाऊ नका. माशाला मूत्रपिंडं आहेत, कल्ले आहेत; आत-बाहेरच्या मिठाचा तोल तो सांभाळून नेतो. कोरलकडे तशी सोय नाही. बाहेरचं पाणी जितकं खारट तितकंच त्याचं अंग खारट होतं. त्यात सॉफ्ट कोरलला दगडी सांगाडाही नसतो. अंगात चुन्याच्या सूक्ष्म कण्या विखुरलेल्या असतात तेवढ्याच, बाकी ते उभं राहतं पाणी भरून, फुगून. पाणी बिघडलं की ते मिटतं, आक्रसतं, मान टाकतं.

तुम्ही म्हणाल, काटा तर १.०२५ दाखवतो. तो प्लॅस्टिकचा हलणाऱ्या काट्याचा हायड्रोमीटर आहे ना? त्या काट्यावर हळूहळू चुन्या-मिठाचं पुट चढतं, काटा जड होतो आणि आहे त्यापेक्षा कमी आकडा दाखवतो. उलट, काट्याला हवेचे बुडबुडे चिकटले की तो वर उचलला जातो आणि जास्त दाखवतो. दोन्हीकडून फसवणारं यंत्र. वाईट गोष्ट अशी की ड्रममधलं पाणीही तुम्ही ह्याच काट्यावर मोजून केलं असणार, म्हणजे तेही ३५ पेक्षा खारट असू शकेल आणि माझा वरचा हिशेब तुमच्या बाजूनं उदार ठरेल. रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाशाच्या वाकण्यावरून खारटपणा मोजणारं यंत्र) घ्या. तो जुळवून घेताना साधं पाणी वापरू नका, ३५ पीपीटीचं तयार द्रावण मिळतं, त्यानं जुळवा. आपल्याला जिथे अचूक आकडा हवा, तिथेच जुळवणी झालेली बरी.

नीट मोजल्यावर आकडा साडेसदतीसच्या आसपास निघाला, तर तो दिवसाला एक पीपीटीपेक्षा जास्त उतरवायचा नाही. तुमच्या टँकमध्ये एक पीपीटी म्हणजे साडेचार लिटर. तेवढं खारं पाणी काढायचं आणि तेवढंच आरओचं पाणी, टँकच्या तापमानाला आणून, पंपाच्या तोंडाशी हळूहळू सोडायचं. दुसऱ्या दिवशी मोजायचं, मग पुढचं. तीन दिवसांचं काम आहे. आटलेलं पाणी आजपासून फक्त आरओच्या पाण्यानं भरायचं. काचेवर बाहेरून मार्करनं रेघ मारून ठेवा, पाणी रेघेखाली गेलं की रेघेपर्यंत भरायचं. भाच्यालाही हेच सांगता येतं.

लाइट परत ४० वर आणा. मिटलेल्या कोरलवर जादा उजेड म्हणजे आजारी माणसाला उन्हात बसवणं. ह्या कोरलच्या पेशींत तपकिरी सूक्ष्म शैवाल राहतात, त्यांनी उजेडावर बनवलेलं अन्न हाच त्याचा मोठा आधार, हे खरंय. पण लेदर, झोआ, मशरूम अशा कोरलांना उजेड मोजणाऱ्या ‘पार’ मीटरवर ५० ते १५० पुष्कळ झालं. एकदम दुपटीकडे नेलं तर ते शैवालच बाहेर टाकतात आणि कोरल पांढरं पडतं. पुढे कधी वाढवायचा असेल तर आठवड्याला पाच टक्के.

आयोडीन बंद. टेस्ट किट नसताना रोज थेंब टाकणं म्हणजे रोग रेड्याला, औषध पखालीला. नियमित पाणी बदललं की मिठातूनच लागेल तेवढं मिळतं, आणि जादा झालं तर ते घातक आहे.

आणि टोडस्टूल आता हलवायचं नाही. तुम्ही ते बारा दिवसांत तीनदा उचललंत. नव्या जागेचा उजेड आणि प्रवाह अंगवळणी पडायला त्याला आठवडे लागतात. प्रत्येक वेळी तुम्ही त्याची उजळणी पहिल्यापासून सुरू केलीत. देठाचा बुंधा वाळूत गाडलेला नाही ना आणि शेजारच्या कोरलला ते टेकत नाही ना, एवढं दुरून पाहा. माझ्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या मिटलेल्या लेदरांपैकी बरीचशी काळजीनंच थकवलेली असतात, हे तुम्हाला टोचून म्हणत नाही. माझ्या बादलीची गोष्ट वर सांगितलीच.

एक गोष्ट मात्र घाला: अॅक्टिव्हेटेड कार्बन. लेदर कोरलना काटे नाहीत, कवच नाही; त्यांचं हत्यार रासायनिक. सार्कोफायटन हे टोडस्टूलचं शास्त्रीय नाव, आणि त्याच्याच नावावरून ‘सार्कोफाइन’ म्हणतात ते द्रव्य लाल समुद्रातल्या अशाच एका कोरलमधून १९७४ साली वेगळं केलं गेलं. अशी कितीतरी द्रव्यं ही मंडळी पाण्यात सोडतात, वैतागली असताना जास्त. बंद टँकमध्ये ती साठतात आणि शेजाऱ्यांचं जगणं मुश्कील करतात. कार्बन धुऊन, जाळीच्या पिशवीत, पाणी वाहतं तिथे ठेवा आणि दर तीन-चार आठवड्यांनी बदला. पुढे कधी दगडी कोरल आणायची हौस झाली तर हे विसरू नका. लेदरच्या प्रवाहाखाली अॅक्रोपोरासारखं दगडी कोरल ठेवून लोक मग मिठाला दोष देतात.

नायट्रेट शून्य आहे हे तुम्ही जरा अभिमानानं लिहिलंय. सॉफ्ट कोरलच्या टँकमध्ये मला ५ ते १० पीपीएम नायट्रेट आणि ०.०३ ते ०.१ पीपीएम फॉस्फेट आवडतं. अगदी लख्ख पाण्यात ही कोरलं उपाशी राहतात. पण हे आत्ता नाही. आधी मीठ जागेवर येऊ द्या, मग माशांचं खाणं थोडं वाढवा, पाण्यातली घाण फेसातून काढणारा स्किमर थोडा कमी चालवा. एका वेळी एकच बदल. नाहीतर सुधारलं तरी कशानं सुधारलं ते कळत नाही. तापमान २४ ते २६ अंश, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल झेलायची ताकद) ८ ते ९ डीकेएच, कॅल्शियम ४०० ते ४५०: हे आकडे तुम्ही दिलेले नाहीत, एकदा मोजून टाका, पण ह्यात फार जीव अडकवू नका; दगडी कोरलांसारखी ह्यांची चुन्याची भूक नसते.

झेनियाबद्दल दोन शब्द, कारण तिचा स्वभाव वेगळा. तिची ती मूठ उघडल्या-मिटल्यासारखी हालचाल अन्न पकडण्यासाठी असेल असं पाहणाऱ्याला वाटतं. तिच्या जवळच्या नात्यातल्या, लाल समुद्रातल्या हेटेरोझेनियावर २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की ह्या उघडझापेमुळे अंगाभोवती साठलेला जादा ऑक्सिजन झटकला जातो आणि आतल्या शैवालांचं अन्न बनवणं चांगलंच वाढतं. म्हणजे ती थांबली, की तिच्या स्वयंपाकघराचाही वेग मंदावला. झेनिया फोफावते गवतासारखी आणि जाते तीही एका रात्रीत, विरघळल्यासारखी. पाणी सुधारत असताना एखादा झुपका चिखल होऊन लोंबू लागला तर लगेच नळीनं ओढून काढा. सडू दिलात तर अमोनिया वाढून बाकीचे धोक्यात येतील. एक फांदी जरी उभी राहिली तरी काही महिन्यांत ‘आवरा हिला’ म्हणून तुम्हीच पत्र लिहाल.

ग्रीन स्टार पॉलिपचं तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. ते मिटून नुसती जांभळी चटई दिसत असेल तर तेही ह्याच मिठाचं. तो निर्लज्ज गडी आहे, परत येईल. त्याचाही खडक वेगळा ठेवा, नाहीतर मागची काच त्याच्या नावावर करून टाका, तिथे शोभतोही.

राहिले क्लाउनफिश. अॅनिमोन नसलं की ही जोडी टोडस्टूललाच घर मानते आणि दिवसभर त्याच्या टोपीत अंग घासत बसते. तळहाताएवढ्या कोरलला ते कधीकधी सोसत नाही. मीठ ३५ वर येऊन पापुद्राही निघाला, तरी आणखी दहा-बारा दिवस पॉलिप बाहेर आले नाहीत, तर संध्याकाळी लाइट बंद व्हायच्या सुमारास बघा, दोघं कुठे झोपतात ते.

तो हायड्रोमीटर फेकू नका. व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवून, साध्या पाण्यानं धुऊन, रिफ्रॅक्टोमीटरच्या शेजारी ठेवून त्याच पाण्यावर पुन्हा बघा. दोघांचे आकडे मला लिहून कळवा.